मालदीवमधील संध्याकाळची स्नॉर्केलिंग सफर : सासूबाईंना पाण्यात उतरवावे का?

प्रश्न (मांजलपूर, बडोदे)

नमस्कार. फेब्रुवारीत आम्ही दोघे, 11 वर्षांचा मुलगा आणि 63 वर्षांच्या सासूबाई असे चौघे मालदीवमधील माफुशी बेटावर पाच दिवसांसाठी जात आहोत. गेस्टहाउसने एक सफर सुचवली आहे. दुपारी साडेचारला बोट निघते, प्रवाळखडकापाशी स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचे मासे पाहणे) होते, नंतर डॉल्फिन आणि सूर्यास्त पाहून सातच्या सुमारास बोट परतते. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि पोहता येत नाही. चांदोदच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसणे, एवढाच त्यांचा पाण्याशी संबंध. मात्र रंगीत मासे एकदा डोळ्यांनी पाहायचे, ही त्यांची फार वर्षांची इच्छा आहे आणि ती मला मोडायची नाही. लाईफ जॅकेट घालून त्यांना पाण्यात उतरवणे योग्य ठरेल का? मुलाला पोहता येते, पण केवळ तरणतलावात. ज्यांनी अशी सफर केली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (अलकापुरी)

ताई, सूर्यास्त किती वाजता आहे यापेक्षा बोट खडकापाशी किती वाजता पोहोचते, हे आधी विचारून घ्या. मालदीवची राजधानी माले आपल्या बडोद्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे, पण तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असते. फेब्रुवारीत सूर्यास्त तिथल्या वेळेप्रमाणे सुमारे सहा वाजून वीस मिनिटांनी होतो. (काही रिसॉर्ट आपल्या बेटापुरते घड्याळ एक तास पुढे ठेवतात, म्हणून वेळ कोणत्या घड्याळाची आहे तेही विचारावे.)

बोटीवर बसलेल्याला सहा वाजता भरपूर उजेड वाटतो, पाण्याखाली मात्र तसा नसतो. सूर्य क्षितिजापासून पाच अंशांवर आला की शांत पाण्यावर पडणाऱ्या थेट उन्हाचा निम्म्याहून अधिक भाग पृष्ठभागावरूनच परततो, आणि ही स्थिती सूर्यास्ताच्या वीसएक मिनिटे आधीच येते. त्याआधीही तिरप्या उन्हामुळे खोलगट जागा काळवंडू लागतात आणि रंग फिके पडतात. पोपटमाशांसारखे दिवसा वावरणारे मासे त्या सुमारास कपारींत शिरू लागतात आणि मोठ्या डोळ्यांचे लालसर निशाचर मासे बाहेर येतात. जाणकाराला हा पालट पाहण्यात विलक्षण आनंद मिळतो, पण पहिल्यांदाच मास्क लावणाऱ्याला त्यातले फारसे काही दिसत नाही. म्हणून पाच वाजेपर्यंत सर्वजण पाण्यात आणि पावणेसहापर्यंत सर्वजण बोटीवर, अशी खात्री मिळाली तरच मुलाला उतरवा.

डॉल्फिनसाठी मात्र संध्याकाळचीच वेळ उत्तम आहे. स्पिनर डॉल्फिनचे कळप दिवसा कंकणाकृती प्रवाळबेटांच्या आतील शांत पाण्यात विसावतात आणि दिवस कलला की रात्रीच्या शिकारीसाठी खाड्यांमधून खुल्या समुद्राकडे निघतात. ते पाहायला पाण्यात उतरावेच लागत नाही, त्यामुळे सासूबाईंच्या वाट्याला सफरीतला सर्वांत सुंदर भाग बोटीवर बसूनही येईल.

उत्तर (रावपुरा)

आम्ही दोघे दोन वर्षांपूर्वी अशाच सफरीला गेलो होतो. बोट पाऊण तास उशिरा सुटली आणि आम्हाला पाण्यात उतरवले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. माझ्या यजमानांना मिशा आहेत. मिशांमुळे मास्कची कड ओठावर नीट चिकटत नाही आणि पाणी आत झिरपत राहते, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. ते मास्क सारखा करण्यात गुंतले असताना पाण्याच्या ओढीने आम्ही खडकाच्या कडेने खाडीच्या तोंडाकडे सरकत गेलो. मान वर केली तेव्हा बोट दूर दिसत होती आणि समोरून येणाऱ्या उन्हात तिच्यावरचे खलाशी आम्हाला दिसेनात. एका खलाशाने पोहत येऊन आम्हाला गाठले आणि तराफ्याला धरून परत नेले. इजा काही झाली नाही, पण त्यानंतर सूर्यास्त पाहण्यात माझे मन लागले नाही.

म्हणून आग्रहाने सांगते, पाण्यात तुमच्याबरोबर वाटाड्या असणार की तो बोटीवरच बसणार, हे पैसे भरण्यापूर्वी स्पष्ट करून घ्या. मुलासाठी लहान मापाचा मास्क मागून घ्यावा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास आत ओढायचा, हात काढल्यावरही मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर आहे असे समजावे. इथल्या तरणतलावात महिनाभर आधी त्याला मास्क आणि नळीचा सराव द्या, कारण तोंडाने श्वास घेण्याची सवय समुद्रात गेल्यावर लावता येत नाही.

उत्तर (कारेलीबाग)

मी निवृत्त डॉक्टर आहे. सासूबाईंना न तपासता निर्णय देता येणार नाही, तो त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच द्यावा. पण काळजीचे कारण सांगतो. शरीर गळ्यापर्यंत पाण्यात गेले की पाण्याच्या दाबाने पायांतील व पोटातील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरचा भार वाढतो. त्यात नळीतून श्वास ओढायला नेहमीपेक्षा अधिक जोर लागतो. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही, परंतु रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीला अचानक धाप लागू शकते. लाईफ जॅकेट माणसाला तरंगत ठेवते, धाप लागण्यापासून वाचवत नाही. बोट लागू नये म्हणून एखादी गोळी द्यायची असेल, तर तीही रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालेल का, हे विचारूनच द्यावी.

त्यांची इच्छा मात्र पूर्ण होऊ शकते. डॉक्टरांची संमती असेल तर सकाळी, ऊन चांगले वर आल्यावर, किनाऱ्यालगतच्या कमरेएवढ्या शांत पाण्यात त्यांना उभे करा, मुलाचे वडील एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला. नळी न लावता फक्त मास्क लावून, श्वास रोखून, चेहरा क्षणभर पाण्यात घालू द्या. मास्कच्या सपाट काचेतून पाण्यातील वस्तू साधारण एकतृतीयांशाने मोठ्या दिसतात, त्यामुळे चष्मा काढावा लागला तरी जवळचे मासे त्यांना बऱ्यापैकी दिसतील.

उत्तर (दांडिया बाजार)

पोशाखाविषयी संकोच असेल तर तो मनातून काढून टाकावा. माफुशी हे स्थानिक मुस्लिम वस्तीचे बेट आहे, तिथे ठरवून दिलेला किनारा सोडला तर अंगभर कपड्यांचीच अपेक्षा असते. लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख उन्हापासूनही वाचवतो आणि सनस्क्रीन कमी लागल्याने प्रवाळालाही त्रास कमी होतो. सासूबाईंना आधी प्रवाळाची ओळख करून द्यायची असेल, तर जामनगरजवळच्या नरारा येथे ओहोटीच्या वेळी चालत जाऊन जिवंत प्रवाळ पाहता येते. 1982 मध्ये घोषित झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा तो भाग आहे. माझ्या आईने सत्तरीत ते पाहिले आणि घरी परतल्यावर कितीतरी दिवस त्याच गोष्टी सांगत होती.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. गेस्टहाउसला लिहिले असता बोट सव्वापाचला खडकापाशी पोहोचते आणि वाटाड्या पाण्यात उतरत नाही, असे कळले. त्यामुळे संध्याकाळी आम्ही चौघेही केवळ डॉल्फिन आणि सूर्यास्तासाठी बोटीवर बसू. मुलाचे स्नॉर्केलिंग दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, वाटाड्यासह ठरवले आहे. सासूबाईंना घेऊन सोमवारी डॉक्टरांकडे जात आहे. मास्क त्यांनी कालच मागवून घेतला आणि आज सकाळी बादलीत चेहरा घालून पाहिला.