कन्सोल खेळता खेळता बंद पडतोय, दुरुस्त करू की नवीन घेऊ? लवकर सांगा

खेळवेडा_चिपळूण:
मंडळी, तातडीने मदत हवीये. गेले पंधरा दिवस गेम लावला की वीसेक मिनिटांत बंद होतो आणि आवाज एवढा की आतल्या खोलीतून आई विचारते मिक्सर कोणी लावलाय. दुकानात दाखवला तर म्हणाला बोर्ड गेलाय, साडेसहा हजार होतील, गॅरंटी नाही. एवढे घालावेत की नवीनच घ्यावा? शनिवारच्या आत ठरवायचंय.

राजापूरकर:
कोणता कन्सोल? किती वर्षं झाली? बंद पडायच्या आधी काही मेसेज येतो का?

खेळवेडा_चिपळूण:
प्लेस्टेशन ४ (पीएस४) स्लिम, २०१८ चा. हो येतो, खूप तापलाय असं काहीतरी.

बाइट_बहाद्दर:
सरळ हार्डडिस्क काढून एसएसडी टाक, ती चिपवाली वेगवान डिस्क. माझा पीएस४ मरायला टेकला होता, एसएसडी टाकल्यावर लोणी झाला.

राजापूरकर:
तापण्याचा आणि एसएसडीचा काय संबंध? त्याने लोडिंग सुधारेल, तो बंद पडतोय तापून! खेळवेडा, मेसेज देऊन बंद पडतोय म्हणजे बोर्ड अजून शाबूत असायची शक्यता बरीच आहे, काही न सांगता फटकन गेला असता तर पॉवर सप्लायवर संशय घेतला असता. ठेवलायस कुठे?

मीनल२:
मुलं किती तास खेळतात हे कोणी बघतच नाही. आमच्याकडे आम्ही शनिवार-रविवार एकेक तास ठरवलाय, भांडणं थांबली.

खेळवेडा_चिपळूण:
ताई मी सत्तावीस वर्षांचा आहे. राजापूरकर, टीव्हीच्या शोकेसमधे, काचेच्या दाराआड. वरच्याच फळीवर देवघर आहे.

राजापूरकर:
मग गरम हवा जाणार कुठून? आधी बाहेर काढ. उघडायला स्क्रूड्रायव्हरला टी८ चा सिक्युरिटी बिट लागतो, टोकाला मधे भोक असलेला. ब्लोअर मारताना पंखा काडीने अडवून धर, गरगर फिरू देऊ नकोस. थर्मल पेस्टही, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंकच्या धातूच्या पट्ट्यांकडे नेणारा लेप, सात वर्षांत वाळलेली असते, तीही बदल.

जुना_गडी:
नवख्याला पेस्ट कशाला बदलायला लावताय, एखादी आतली रिबन केबल तुटली की खरंच बोर्डाचा खर्च. नुसती धूळ काढ. आणि मी म्हणतो पीसीच घे, कन्सोलमधे पैसे घालूच नयेत.

राजापूरकर:
नव्या कन्सोलच्या पैशात पीसी कुठला घेणार तो? त्याने विचारलंय काय आणि आपण सांगतोय काय.

स्नेहल_डोंबिवली:
एक राहिलंच, गेमचे सेव्ह, म्हणजे आतापर्यंत खेळलेलं, कुठे आहेत? उघडण्याआधी पेनड्राइव्हवर घे, तो एफएटी३२ किंवा एक्सफॅट फॉरमॅट केलेला लागतो. माझी हार्डडिस्क अशीच एका रात्रीत गेली आणि चार वर्षांचं करिअर मोड गेलं, आजही आठवलं की पोटात कालवतं. आणि पीएस५ घेतलास तर डिस्कवालाच घे. २०२१ मधे इथे आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल, म्हणजे डिस्कची खाच नसलेला, ३९,९९० होता, ते दहा हजार वाचवायला माझ्या भावाने डिजिटल घेतला आणि जुन्या डिस्का कपाटात पडून आहेत. पीएस४चे जवळपास सगळे गेम पीएस५वर चालतात, पण डिस्क घालायला जागा तर पाहिजे!

खेळवेडा_चिपळूण:
उघडला. पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटीत राखाडी नमदा बसलेला, बोटाने ओढला तर एकसंध निघाला, वास चक्क उदबत्तीचा. पेस्टला हात लावला नाही. काल पावणेतीन तास खेळलो, एकदाही बंद नाही. पण मधेच टिकटिक आवाज येतो आणि गेम दोनदा अडकला.

स्नेहल_डोंबिवली:
टिकटिक हार्डडिस्कची. नवा गेम टाकू नकोस, आधी सेव्ह काढ!

बाइट_बहाद्दर:
आता तरी एसएसडी म्हणाल का?

राजापूरकर:
आता म्हणतो. स्लिमला मागचं झाकण सरकवून एक स्क्रू काढला की ड्राइव्ह बाहेर येतो, फक्त सिस्टिम सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून परत टाकावं लागेल. एवढं करून वर्षभर चालव. तरीही तापून बंद पडायला लागला किंवा तुला हवे ते नवे गेम पीएस४वर येईनासे झाले, की तेव्हा पीएस५ घे. साडेसहा हजार मात्र देऊ नकोस.

खेळवेडा_चिपळूण:
बरं. शोकेसचं दार काढून टाकलं, आई उदबत्ती आता खिडकीत लावते. सेव्ह कॉपी होतायत, ६१ टक्के.