बस स्टॉपवरचा डायलॉग सीन, ट्रॅफिकच्या आवाजाचं काय करू?

पहिला_क्लॅप
नमस्कार मंडळी, फिल्म कोर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, १२ मिनिटांची शॉर्टफिल्म करतेय. बजेट म्हणजे आम्ही पाच जणांनी काढलेली वर्गणी, एक मिररलेस कॅमेरा आहे, त्यावर लावायचा छोटा शॉटगन माइक (समोरचा आवाज जास्त पकडणारा) आहे आणि शूटला फक्त दोन दिवस मिळणारेत. फिल्मचा गाभा म्हणजे बस स्टॉपवर संध्याकाळी भावा-बहिणीचं भांडण, साडेतीन पानांचा सीन, दोघंच. काल तिथेच टेस्ट शूट केलं आणि घरी येऊन एडिटच्या टाइमलाइनवर लावलं तर रडूच यायचं बाकी होतं. डायलॉग अर्धे ऐकूच येत नाहीत आणि त्याहून वाईट म्हणजे भावाच्या शॉटमध्ये मागे बस घरघरतेय आणि बहिणीवर कट केला की एकदम शांत, परत भावावर आलं की परत बस. चित्र मात्र छान आलंय. वर लोक थांबून थेट कॅमेऱ्यात बघतात ते वेगळंच. लोकेशन बदलू का सगळं डब करू? लोकेशन बदलायची अजिबात इच्छा नाहीये, तो स्टॉप बघूनच सीन सुचला होता.

बूमवाला
लोकेशन सोडू नकोस, पण लोकेशन बघायला जाताना यापुढे डोळे मिटून जा. सगळे दुपारी मोकळ्या वेळात रेकी करतात, फोटो काढतात आणि शूटला जातात संध्याकाळी सहाला, तेव्हा तो रस्ता वेगळाच झालेला असतो. ज्या वारी आणि ज्या तासाला शूट आहे त्याच वारी त्याच तासाला हेडफोन लावून अर्धा तास तिथे उभी राहा.

आता माइकचं. कॅमेऱ्यावरचा माइक हा कॅमेरा जिथे आहे तिथलं ऐकतो, तुझी नटी काय म्हणतेय ते नाही. माइक आणि तोंड यातलं अंतर निम्मं केलंस की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, ट्रॅफिक मात्र आहे तेवढाच राहतो, म्हणजे महागडा माइक घेण्यापेक्षा आहे तोच माइक काठीला बांधून फ्रेमच्या कडेपर्यंत आणण्यात जास्त फायदा आहे. काठी कसलीही चालेल, पण धरणाऱ्याच्या कानात हेडफोन हवाच. लॅपल (कपड्यांत लपवायचे छोटे माइक) मिळत असतील तर ते छातीच्या हाडावर टेपने चिकटवायचे, कपड्याला नुसते अडकवले तर प्रत्येक हालचालीला खसखस येते आणि ती एडिटमध्ये निघत नाही. लेव्हल अशी ठेव की मोठ्यात मोठं वाक्य मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल, भांडणाचा सीन आहे, ओरडणार आहेत, तेव्हा वर जागा लागते.

आणि दोन गोष्टी शूट संपायच्या आधी, सगळे दमलेले असले तरी. एक म्हणजे सगळ्यांना गप्प करून त्या जागेचा नुसता आवाज किमान एक मिनिट रेकॉर्ड करायचा, शक्यतो चार-पाच मिनिटं, कारण तुझा तो बसचा उडणारा आवाज याच पट्टीने झाकला जाणारे, सगळ्या कट्सच्या खाली एकच सलग रस्ता वाजत राहिला की कान फसतो. दुसरं म्हणजे वाइल्ड लाइन्स. शेवटचा टेक झाला की दोघांना लगेच जवळच्या एखाद्या जिन्यात किंवा बंद गाडीत न्यायचं आणि अख्खा सीन नुसता बोलून घ्यायचा, माइक वीतभर अंतरावर. तेव्हा आवाजात भांडणाची धग अजून असते, पंधरा दिवसांनी स्टुडिओत ती येत नाही.

कॉलशीट
बूमवाला यांच्याशी सहमत. मी एक उपाय सांगते जो आम्ही दोन फिल्म्समध्ये वापरलाय. सगळा सीन त्या स्टॉपवर करूच नका. स्टॉप फक्त वाइडमध्ये, म्हणजे लांबून घेतलेल्या शॉटमध्ये दिसतो, बरोबर? वाइड आणि दोघांचा टू-शॉट तिथे घ्या, सीनची सुरुवात, शेवट आणि मधली एखादी मोठी हालचाल. क्लोजअपमध्ये मागे दिसतं काय, थोडीशी भिंत आणि पुसट दिवे. तर ते दोन गल्ल्या आत जाऊन घ्यायचे, तशाच रंगाची भिंत शोधायची. आम्ही स्टॉपच्या खांबासारखा एक पाइप रंगवून नेला होता, तो एका पोराने फ्रेमच्या कडेला धरून ठेवला आणि कुणालाही कळलं नाही. फक्त उजेड कुठून येतोय ते आणि कोण कुठे बघतंय ते जुळलं पाहिजे, म्हणून वाइड आधी शूट करा आणि फोनवर त्याचे स्टिल्स काढून क्लोजअपच्या जागी समोर ठेवा. कॅमेरा दोघांमधल्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा, गडबडीत हे हमखास चुकतं.

लोक बघतात कारण तुम्ही खूप वेळ तिथे असता. रिहर्सल लोकेशनवर करायचीच नाही. घरी खुर्च्या मांडून सीन इतका बसवा की तिथे जाऊन दोन टेकमध्ये निघाला पाहिजे. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने 'फॉलोइंग' (१९९८) असाच केला, सगळे नोकरी करणारे म्हणून शनिवारी शूट, जवळपास वर्षभर, आणि १६ एमएमची रीळ परवडत नव्हती म्हणून आधी भरपूर तालीम करून बहुतेक शॉट पहिल्या-दुसऱ्या टेकमध्येच. तुमच्याकडे रीळ नाही पण गर्दी जमायच्या आधीची दहा मिनिटं आहेत, ती रिळासारखीच मोजून वापरा.

परवानगीचं कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घेऊन आधी विचारून ठेवा. आणि भांडणात धक्काबुक्की असेल तर आसपासच्या लोकांना अगोदर सांगा, कुणीतरी खरंच सोडवायला धावतं.

सावली_उजेड
संध्याकाळचा सीन म्हणतेस म्हणून उजेडाचं सांगतो. सूर्य मावळल्यावर जो निळसर उजेड असतो तो साधारण वीस-पंचवीस मिनिटं टिकतो, त्यात साडेतीन पानं होत नाहीत. वर सांगितलंय तसं वाइड आधी घे, पण मी म्हणेन ते त्या वीस मिनिटांसाठीच राखून ठेव, आभाळाचा रंग परत बनवता येत नाही, चेहऱ्यावरचा उजेड एका छोट्या एलईडीने आणि पांढऱ्या थर्माकोलने अंधार पडल्यावरही बनवता येतो. व्हाइट बॅलन्स (कॅमेरा पांढरा रंग कसा धरतो ते) ऑटोवर ठेवू नको, दर शॉटला रंग बदलेल. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेव. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, १/५० ला ते दिसत नाही, १/६० ला पट्टे सरकायला लागतात. जाहिरातींचे एलईडी बोर्ड मात्र आपल्याच तालावर चालतात, ते आधी टेस्ट करून बघ.

जुना_रीळ
डबिंगला सगळे एवढे का घाबरता कळत नाही. फ्रेंच दिग्दर्शक गोदारचा 'ब्रेथलेस' (१९६०) पॅरिसच्या रस्त्यांवर शूट झाला, कॅमेरा इतका आवाज करायचा की संवाद नंतरच भरले, आणि ट्रॉली नव्हती म्हणून कॅमेरामन राउल कुतार व्हीलचेअरवर बसून शूट करायचा. आवाज नंतर भरायचा ठरलं की कॅमेरा कुठेही नेता येतो, ते स्वातंत्र्य मोठं आहे.

बूमवाला
मान्य, पण तिथे नट कोण होते तेही बघा. नवख्या मुलांना स्वतःच्याच ओठांवर स्वतःचं भांडण परत करायला लावलं की वाचन होतं. वाइडमध्ये ओठ दिसत नाहीत तिथे खुशाल डब करा, क्लोजअपला नको.

पहिला_क्लॅप
खूप खूप आभार सगळ्यांचे! काल आणि परवा दोन्ही दिवस त्याच वेळेला हेडफोन लावून स्टॉपवर उभी राहिले आणि एक गोष्ट सापडली जी टेस्ट शूटच्या दिवशी लक्षातच आली नव्हती. पुढच्या चौकातला सिग्नल लाल झाला की जवळपास ४० सेकंद रस्ता रिकामा होतो, लांबची घरघर उरते फक्त. मग हिरवा लागतो आणि आधी दुचाकी, मग गाड्या, शेवटी बस असा आवाज चढत जातो. सीनमध्ये बहीण "तू आलाच नाहीस त्या दिवशी" म्हणते आणि त्यावर भाऊ काही बोलत नाही, तर ते वाक्य रिकाम्या रस्त्यावर आणि त्याची शांतता चढत्या आवाजात असं बसवायचं ठरवलंय. तीन वाक्यं कापली, ती आता बसच्या आवाजात जातात आणि भाऊ नुसता बघत राहतो, लिहिलेल्यापेक्षा हे जास्त खरं वाटतंय. बाकी क्लोजअप मागच्या गल्लीत, भिंत मिळालीये पण ती थोडी पिवळसर आहे आणि स्टॉपची राखाडी. सावली_उजेड दादा, हा फरक ग्रेडिंगमध्ये (एडिटनंतर रंग जुळवताना) जाईल का मागे कापड लावू?

सावली_उजेड
कापड लाव, भिंतीपासून दोन-अडीच मीटर पुढे दोघांना उभं कर आणि अपर्चर (लेन्सचं उघडं भोक) मोठं ठेव म्हणजे सुरकुत्या पुसट होतील. ग्रेडिंगमध्ये पिवळा काढायला गेलीस तर चेहऱ्याचा रंगही सोबत जाईल.