गावातली ‘सेंद्रिय थाळी’: पाटी बघून जेवायचं की विचारून?

माळावरचा:
गेल्या श्रावणात दोन दिवस आजऱ्यात होतो. कोल्हापूर जिल्ह्यात जाऊन शाकाहारी जेवणावर धागा काढतोय, तेव्हा तांबडा-पांढरावाल्यांनी आधीच माफ करावं.

हमरस्त्यावर एक नवं हॉटेल झालंय. कंदील, शेणाने सारवलेली भिंत, ‘१००% सेंद्रिय शाकाहारी थाळी’, ४२० रुपये. वाढणाऱ्या पोराला विचारलं, टोमॅटो कुठला रे? म्हणाला, कोल्हापूरच्या मार्केटातनं येतोय की. बिचारा खरं बोलला.

दुसऱ्या दिवशी एका मावशींच्या घरगुती खाणावळीत गेलो. पाटी नाही, पाच पाट, जेवण १३० रुपये. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, कुर्डूची रानभाजी आणि शेवटी घनसाळचा, म्हणजे आजऱ्याकडच्या वासाच्या तांदळाचा, भात. झाकण काढलं तेव्हा मी ओसरीवर हात धूत होतो, वास तिथवर आला. तांदूळ दिराच्या शेतातला, कुर्डू सकाळी दारावर आलेल्या बाईकडचा, ताक शेजारच्या म्हशीचं. एकेका घासाचा पत्ता त्यांना तोंडपाठ!

माझं म्हणणं एवढंच: लहान गावात ‘सेंद्रिय’ची पाटी शोधूच नये. धान्य कुणाच्या शेतातलं हे जिला सांगता येतं तिच्याकडे जेवावं. वेगळं प्रमाणपत्र कशाला हवं?

कोरडवाहू:
ओसरी, म्हैस, भाताचा वास. छान लिहिलंयत, पण यातून सिद्ध काय झालं? दिराचं नाव कळलं, दिराने शेतात काय टाकलं ते नाही कळलं. ४५ किलोची युरियाची गोणी अनुदानामुळे पावणेतीनशेच्या आत मिळते. ती दिरालाही मिळते.

प्रमाणपत्राला नाकं मुरडण्याआधी ते काय असतं ते बघा. पीजीएस, म्हणजे सहभागातून हमी देण्याच्या पद्धतीत गावातल्याच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो, बाहेरचा साहेब लागत नाही. छोट्या शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला माल विकला तर सेंद्रिय अन्नाच्या २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्राची सक्तीही नाही. पण सक्ती नाही म्हणजे माल सेंद्रिय झाला असं नव्हे.

आणि घनसाळच होता कशावरून? इंद्रायणीलाही वास असतो, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ च्या संकरातून आलेली जात आहे ती. शहरातल्या नाकाला फरक कळतो यावर माझा तरी विश्वास नाही.

चुलवाण:
आमचं गुऱ्हाळ होतं, म्हणून गुळाचं सांगतो. रस काहिलीत उकळताना मळी वर यावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायचे. ती झाऱ्यानं काढत राहायची. हे काम नेटानं केलं तर गूळ तांबूस, स्वच्छ उतरतो. पण बाजारात भाव पिवळ्याधमक ढेपेला. मग हायड्रॉसची, रंग उडवणाऱ्या रसायनाची, पूड आली. मुठीनं टाकली की रंग उजळतो.

आमच्या वडलांनी एक हंगाम हायड्रॉस बंद केलं. सौद्यात आमच्या गुळाच्या रव्यांपुढं व्यापारी थांबेनात. पुढच्या हंगामाला पूड परत आली. आता शहरातली माणसं काळा गूळ मागतात म्हटल्यावर काहींनी पाक जरा पुढं जाऊ द्यायला सुरुवात केलीय. करपट काळा झाला की ‘सेंद्रिय’ म्हणून दीडपट भाव! तेव्हा माळावरचे, पाटीला नावं ठेवता ते पटलं, पण शेतकऱ्याला लबाडी शिकवली ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यानं, हेही लिहा.

उगाचच_अनु:
सगळे युरिया आणि हायड्रॉसवरच अडकलात. ‘शाकाहारी म्हणजे निर्मळ’ हे कुणी विचारणारच नाही का? शेजारच्या म्हशीचं ताक प्यायलात, तिचं रेडकू कुठे आहे ते विचारलंत? म्हशीचा रेडा कुणाला पोसायचा नसतो. निम्मं दूध तोडलं की पावसाळाभर टिकत नाही ते. माझ्या माहेरच्या गोठ्यात हेच होतं, दुसऱ्याचं कशाला सांगू.

आणि ती कुर्डूवाली! पहाटे रानात जायचं, खुडायचं, दारोदार हिंडायचं. जुडीचे किती दिलेत मावशींनी? दहा? १३० च्या ताटात तिचे किती?

माळावरचा:
कोरडवाहू, घनसाळपुरतं तुमचं चुकतंय. त्याचं रोप उंच. युरिया जास्त झाला की आणखी सुटतं आणि पावसावाऱ्यात आडवं होतं. म्हणून शेतकरी हात आखडूनच टाकतो. उतारा कमी येतो तो येतोच. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून नाव झालंय, आणि नावाबरोबर भेसळही. इंद्रायणीचा टोमणा तेवढा मान्य.

अनु, जुडीचं विचारलं नव्हतं. काल मावशींना फोन केला. दहा नाही, पंधरा देतात, आणि श्रावणात त्या बाईला सकाळचा चहा-भाकरी. एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, माझंही झालं नाही. रेडकाचं विचारायला मात्र धीर झाला नाही.

उगाचच_अनु:
धीर झाला नाही हे लिहिलंत, बरं केलंत. गाय-बैलांच्या कत्तलीवर राज्यात २०१५ पासून सरसकट बंदी तरी आहे. रेडकाला तशी बंदीही नाही.

कोरडवाहू:
हात आखडून म्हणजे टाकतोच ना? मग ‘सेंद्रिय’ म्हणू नका, ‘गावचं’ म्हणा. त्याला माझी हरकत नाही, मीही आवडीने जेवेन.

चुलवाण:
माळावरचे, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. दिवाळीनंतर तिकडं जाणं आहे, भात तेव्हा कापणीला येतो. जेवीन, आणि दिराच्या खळ्यावर जाऊन रिकाम्या गोण्या मोजून येतो. घरचा गूळ नेतो बरोबर, तांबडा. तो कसा दिसतो त्यावरून मावशीच काय म्हणतात बघू.