थोरलं, मधलं, शेंडेफळ : स्वभाव जन्मक्रमानं ठरतो का?

कुकरच्या_शिट्ट्या : आम्ही तीन भावंडं, मी थोरली. आई नोकरीला. अकराव्या वर्षापासून धाकट्याला पाळणाघरातून आणणं, कुकर लावणं, मधलीचा गृहपाठ माझ्याकडे. आज पंचेचाळिशीतही सहलीला सगळ्यांची तिकिटं माझ्याच पर्समध्ये, आणि शेंडेफळ फोन करून विचारतं, "ताई, माझं आधार कार्ड कुठे असेल गं?" मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर शंभरेक वर्षांपूर्वी म्हणालाच होता, भावंडांतल्या जागेनं माणूस घडतो. मला शंभर टक्के पटतं.

आकडेमोड : ॲडलर स्वतः थोरल्या भावाच्या सावलीत वाढला, तेव्हा त्याला तसं वाटणारच :) २०१५ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २० हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली गेली. शिस्त, मनमिळाऊपणा, बोलघेवडेपणा, कशावरच जन्मक्रमाची छाप नाही. बुद्ध्यांकात काय तो किंचित फरक. त्याच वर्षी ३ लाख ७७ हजार अमेरिकी विद्यार्थ्यांच्या अभ्यासातही फरक निघाला तो नगण्य. ताई, तुम्ही घरात जबाबदार दिसता कारण घरात तुम्ही कायमच वयानं मोठ्या. धाकट्याला एकदा त्याच्या ऑफिसात बघा.

मधलीसुट्टी : इतकं सरसकट नको. नॉर्वेत लष्करभरतीच्या चाचण्यांवरून २००७ साली एक अभ्यास झाला. पहिल्यांचा बुद्ध्यांक दुसऱ्यांपेक्षा दोनेक गुणांनी जास्त. पण ज्यांचं थोरलं भावंड लहानपणीच गेलं, ते दुसरे पहिल्यांच्या बरोबरीला! म्हणजे जन्माचा नंबर नाही, घरात कुठल्या जागेवर वाढलात ते महत्त्वाचं. (मधल्यांवर कुणी अभ्यास करत नाही, ही तक्रार नोंदवून ठेवते.)

आकडेमोड : तो बुद्ध्यांक झाला. स्वभाव कुठाय त्यात?

साय_कुणाची : दोघंही परदेशातच फिरताय. आपल्याकडे आधी ताटात काय पडतं ते बघा. २०१७च्या एका अभ्यासात भारतातली पहिली मुलं आफ्रिकेतल्या पहिल्या मुलांपेक्षा उंच निघाली, दुसऱ्यापासून मात्र खुजी. कारण थोरल्या मुलाचा, मुलग्याचा, सोस. मीही थोरलीच, पण भाऊ तिसरा झाला आणि दुधावरची साय त्याच्या वाटीत गेली. मला मिळाली ती फक्त "तू मोठी ना, समजून घे."

कुकरच्या_शिट्ट्या : साय, अगदी! आकडेमोड, भावाला फोन लावला. ऑफिसात म्हणे तीस जणांची हजेरी आणि गोदामाच्या किल्ल्या याच्याकडेच असतात. मग आधार कार्ड का सापडत नाही रे?

"तू आहेस ना."