आरव्हीतल्या फ्रिजचं दार वळणावर उघडतं, आईलाही सहज लावता येईल असा उपाय हवा आहे

माळरान:

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सेकंडहँड घेतलेली क्लास सी आरव्ही आहे, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असलेली. फ्रिज दोन दारांचा, वर फ्रीझर आणि खाली मोठा कप्पा. गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा, अमोनियावाला अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय उष्णतेवर गार होणारा. गाडी चालू असताना त्याचं खालचं दार उघडतं. सरळ रस्त्यावर कधी नाही, ब्रेक मारल्यावरही नाही, फक्त डावीकडे एकदम वळावं लागलं की. फ्रिज ड्रायव्हरच्या बाजूच्या भिंतीला आहे आणि दार मधल्या वाटेकडे उघडतं. म्हणजे गाडी डावीकडे वळली की आतलं सगळं सामान उजवीकडे, थेट दारावर जाऊन आदळतं. एवढं माझ्या लक्षात आलंय, पुढचं सुचत नाहीये.

घाई अशासाठी की आईबाबा नाशिकहून आलेत, ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे डेन्व्हरला आहेत, आणि बाबांचं इन्सुलिन याच फ्रिजमध्ये असतं. गेल्या फेरीत यूएस ५५० या डोंगरातल्या महामार्गावरून यूरेहून सिल्व्हर्टनला निघालो होतो. तो रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. रेड माउंटन पास ११,०१८ फुटांवर, दक्षिणेला जाताना आपली लेन दरीच्या बाजूची, आणि बऱ्याच ठिकाणी ना कठडा, ना गाडी बाजूला घ्यायला जागा. तिथल्या एका नागमोडी वळणावर दार उघडलं. आधी लोणच्याची बरणी पडल्याचा आवाज, मग इडलीच्या पिठाचा डबा. आई लगेच बेल्ट काढून उठायला निघाली, तिला ओरडून बसवावं लागलं. गाडी थांबवता येत नाही, उठता येत नाही, आणि दार प्रत्येक वळणाला उघडतंय, मिटतंय. जागा मिळेपर्यंत ते तसंच ऐकत गाडी चालवली. थांबून मागे गेलो तेव्हा आंबलेलं पीठ गालिच्यात मुरलं होतं आणि इन्सुलिनची दोन पेनं डायनेटच्या (जेवणाच्या टेबलाच्या) बाकाखाली गरम हवेच्या जाळीजवळ सापडली. ती वापरली नाहीत. सांडलं ते पुसता येतं, पण चालत्या गाडीत सत्तरीची बाई दार लावायला उठेल ही भीती माझ्या मनातून जात नाही.

जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवलं. त्यांनी दार दोनदा उघडून मिटून पाहिलं, खटका चांगला आहे म्हणाले आणि एक पट्टा लावा म्हणाले. कुठला, कुठे, काही नाही.

माझ्या अटी दोनच. आईची बोटं संधिवातामुळे नीट वळत नाहीत आणि प्रत्येक थांब्यावर चहासाठी दूध काढायला फ्रिज तीच उघडते, त्यामुळे जे काही लावायचं ते तिला एका हाताने निघालं आणि लागलं पाहिजे. दुसरं, दारावर पातळ काळं पॅनेल आहे, त्याला भोकं पाडायला मन धजत नाही. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

डोंगरवाट:

आम्ही दोन्ही हँडलमधून बंजी दोरी (दोन्ही टोकांना हूक असलेली ताणणारी दोरी) घालून ती बाजूच्या कपाटाच्या हँडलला अडकवतो. गेली काही वर्षं ठीक चाललंय.

---

माळरान:

धन्यवाद. करून पाहिलं. आमच्या फ्रिजचं हँडल दारातच खोलगट आहे, हूक अडकवायला काही नाही. शिवाय ताणलेली बंजी आईच्या हातातून सुटली तर तोंडावर बसेल.

---

गॅरेजवाला:

पट्टा लावाच, पण त्याआधी दार का उघडतंय ते पाहू. चांगला खटका नुसत्या सामानाच्या धक्क्याने सहसा सुटत नाही. सुटत असेल तर तो पूर्ण अडकतच नसणार.

आधी एक साधी गोष्ट तपासा. आरव्हीच्या बऱ्याच फ्रिजांच्या खटक्याला दोन जागा असतात. एक प्रवासाची, पूर्ण बंद. दुसरी गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवताना दार थोडं फटीवर राहावं म्हणून, आत बुरशी धरू नये यासाठी. दुसऱ्या जागेत अडकलेलं दार लांबून बंदच दिसतं. घरात नवीन कोणी फ्रिज वापरत असेल तर हे होतं.

तसं नसेल तर एक डॉलरची नोट घ्या. दार आणि चौकट यांच्यात धरून दार लावा आणि नोट ओढा. वर, खाली, बिजागरीच्या बाजूला, खटक्याच्या बाजूला, सगळीकडे. जिथे नोट सहज निसटते तिथे रबर टेकत नाहीये. रबर कडक झालं असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने पुसून हेअर ड्रायरने हलकं गरम करा, बोटांनी बाहेर ओढून आकार द्या आणि दार लावून ठेवा. बरेचदा तेवढ्यावर भागतं.

पण मला खरा संशय आहे तो फ्रिजच्या पेटीवर. हे फ्रिज लाकडी कपाटात समोरच्या चौकटीतून आणि मागून स्क्रूंनी धरलेले असतात. खडबडीत रस्त्यांनी स्क्रू ढिले होतात, प्लायवूडमधली भोकं मोठी होतात आणि पेटी किंचित पिळवटते. घरात उभ्या गाडीत काही कळत नाही. वळणावर गाडीचं अंग मुरडतं तेव्हा चौकट तिरकी होते आणि खटक्याची जीभ समोरच्या खाचेतून निसटते. म्हणूनच सर्व्हिस सेंटरमध्ये दार नीट लागलं असणार, गाडी उभी होती ना. दार बंद करून दोन्ही दारांमधली फट बघा. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद असेल तर दार लोंबतंय किंवा पेटी हललीय. गाडी सपाट जागी उभी करून फ्रिजच्या आत खालच्या तळावर पाणसळ ठेवा, मग गाडीच्या फरशीवर ठेवा. दोन्हींत फरक दिसला तर उत्तर मिळालं.

स्क्रू समोरच्या पट्टीखाली लपलेले असतात, काही ठिकाणी त्यांवर प्लास्टिकच्या टोप्या असतात. भोकं मोठी झाली असतील तर लाकडी काड्या आणि गोंद भरून वाळू द्या, मग परत पिळा. दार लोंबत असेल तर खालच्या बिजागरीखाली एखादा पातळ वॉशर पुरतो. मागच्या कूलिंग युनिटला मात्र हात लावू नका. त्यात अमोनिया आणि हायड्रोजन दाबाखाली असतात.

---

चाफा:

गॅरेजवाला यांनी यंत्राचं सांगितलं, मी आतल्या सामानाचं सांगते. आम्ही ओंटारियोत ट्रेलर घेऊन फिरतो. फ्रिजमध्ये आडवे बसणारे स्प्रिंगचे दांडे मिळतात, शॉवरच्या पडद्याच्या दांड्यासारखे, फक्त आखूड. प्रत्येक फळीवर दाराच्या बाजूला एक लावा, म्हणजे सामान दारापर्यंत पोचतच नाही. आणि दाराच्या फळ्यांवर जड काही ठेवू नका. दुधाचा गॅलन, सॉसच्या काचेच्या बाटल्या, लोणचं, हे सगळं दारात असलं की वळणावर दार स्वतःच्याच वजनाने बाहेर ओढलं जातं. जड वस्तू खालच्या ट्रेमध्ये, पाठीमागे.

इडलीचं पीठ आणि दही उंचावर नेताना डबा काठोकाठ भरू नका आणि झाकणाची एक कड सैल ठेवा. कमी उंचीवर घट्ट बंद करून वर नेलेला डबा अकरा हजार फुटांवर फुगतो, कारण बाहेरचा हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच उरतो. पिठातून वायू निघत असतो ते वेगळंच. झाकण उडालं की दाराला आतून धक्का बसतो.

आता बाबांच्या इन्सुलिनचं. मी फार्मसीत काम करते म्हणून काळजीने लिहितेय. न उघडलेली पेनं २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये हवीत. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला ठरावीक दिवस चालतं, बऱ्याचदा २८, पण प्रकारानुसार बदलतं, तेव्हा त्याच्या खोक्यावरचा कागद वाचा. म्हणजे चालू पेन फ्रिजमध्ये ठेवायची गरजच नसेल, आणि प्रवासात फ्रिज उघडायचं एक कारण कमी होईल. बाकीची पेनं झाकण लागणाऱ्या डब्यात घालून मधल्या फळीवर ठेवा. पाठीमागे ज्या धातूच्या पात्या असतात त्यांना चिकटून अजिबात नको, तिथे बर्फ धरतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. डब्यात एक छोटा थर्मामीटर टाका, कमाल-किमान लक्षात ठेवणारा. दार उघडलं होतं की नाही हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

---

खटपट्या:

ज्यांच्याकडे घरगुती फ्रेंच डोअर (शेजारी-शेजारी दोन दारांचा) फ्रिज बसवलेला आहे त्यांच्यासाठी एक सूचना. त्यांना खटका नसतोच, फक्त रबरातलं चुंबक असतं, त्यामुळे बाहेरून काहीतरी लावणं भागच आहे. हँडल उभी असतील तर दोन्हींना मिळून रुंद वेलक्रोचा पट्टा बांधावा. कॉम्प्रेसरच्या फ्रिजच्या बाजूंना स्क्रू मारू नका, अनेक मॉडेलमध्ये भिंतीतून गॅसच्या नळ्या गेलेल्या असतात.

---

माळरान:

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः चाफाताई तुमचे. बाबांनी स्वतः वाचलं आणि चालू पेन आता त्यांच्या कमरेच्या पाउचमध्ये आहे.

गॅरेजवाला, तुमचा संशय खरा निघाला. खटका बरोबर जागेतच अडकत होता. नोट बिजागरीच्या बाजूला घट्ट होती, खटक्याच्या खालच्या कोपऱ्यात मात्र नुसत्या बोटाने निघाली. पाणसळीचा बुडबुडा फ्रिजमध्ये एका रेषेने सरकलेला, फरशीवर मधोमध. समोरची पट्टी काढली तर खालच्या दोन स्क्रूंपैकी एक हातानेच गोल फिरत होता आणि भोकातून लाकडाचा भुसा पडला. काड्या-गोंद भरून परत बसवलं, बिजागरीखाली एक वॉशर घातला. आता दार लावताना जो टक् आवाज येतो तो आधी येतच नव्हता, हे आता कळतंय.

चाचणी म्हणून मोकळ्या पार्किंगमध्ये डावीकडे गोल गोल फेऱ्या मारल्या, आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवून. बायको बेल्ट लावून मागच्या बाकावर बसून दारावर नजर ठेवून होती. उघडलं नाही. तरी डोंगरात मी नुसत्या खटक्यावर विसंबणार नाही. लहान मुलांसाठी मिळतात ते चिकटवायचे पट्टे आणलेत, मोठं बटण दाबून निघणारे. आईने दुकानातच दाबून पाहिले, अंगठ्याने जमतंय. एक टोक दारावर, दुसरं शेजारच्या लाकडी चौकटीवर लावणार आहे. हे पट्टे उन्हात, हादऱ्यात टिकतात का?

---

गॅरेजवाला:

टिकतात, जागा नीट पुसली तर. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सुकू द्या, मग दाबून लावा. थंडीत लावू नका, साधारण १० अंश सेल्सियसच्या खाली हा गोंद धरत नाही. पट्ट्याबरोबर आलेली टेप पातळ फोमची असेल तर ती काढून थ्रीएमची व्हीएचबी, म्हणजे खूप घट्ट धरणारी दुहेरी चिकटपट्टी लावा. एका दिवसात तिची बहुतेक पकड येते, पूर्ण यायला साधारण ७२ तास लागतात. तोवर पट्टा ओढायचा नाही. आणि एकच्या ऐवजी दोन लावा, वर एक, खाली एक. लाकडी चौकटीच्या बाजूला हवं तर दोन बारीक स्क्रू मारा, तिथे आत काही नसतं.

---

चाफा:

आणि निघण्यापूर्वी शेवटचं दार कोणी बघायचं ते एकाच माणसाकडे द्या. आमच्याकडे ते काम माझ्या सासऱ्यांकडे आहे, ते पट्टा ओढून बघतात आणि "झालं" म्हणतात, त्याशिवाय गाडी हलत नाही. वाटेत उघडलंच तर कोणी उठायचं नाही. फ्रिज चालायचा थांबला तरी दार उघडलं नाही तर साधारण चार तास अन्न चांगलं राहतं, उघडं राहिलं तर मात्र लवकर तापतं, म्हणून जागा मिळाली की थांबून आधी थर्मामीटर बघा. अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज पुन्हा गार व्हायला फार वेळ घेतो. दूध-दही ४ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं असेल तर टाकून द्या.

---

माळरान:

ते काम बाबांनी आत्ताच मागून घेतलं. पट्टे उद्या सकाळी लावतो, शनिवारी निघायचंय, तोवर ७२ तास होतात.