मालवणच्या पाण्याखालच्या व्हिडिओत लाल टीशर्ट काळा येऊन राहिला, काय करू?

लाखांदूरवाला:

नमस्कार मंडळी. माझं गावात लग्नाच्या शूटिंगचं काम आहे. मे महिन्यातल्या एका लग्नातलं जोडपं मालवणला जाऊन स्कूबा करून आलं. तिथल्या डायव्हरनं गोप्रो कॅमेऱ्यावर काढलेल्या क्लिपा मला आणून दिल्या, म्हणे लग्नाच्या व्हिडिओत शेवटी जोडून द्या. पाहतो तर पोराचा लाल टीशर्ट काळपट, पोरीच्या हातावरची मेंदी काळी, चुडा तेवढा हिरवागार आणि दोघांचे चेहरे निळे. पोरीच्या वडिलांनी पाहिलं तर म्हणतात, "काऊन बापू, पोरगी बिमार होती का तिथं?" लाल वाढवून पाहिला तर चेहऱ्यावर गुलाबी दाणे येतात आणि मागचं पाणी जांभळं होते.

दुसरं म्हणजे जानेवारीत मी स्वतः मालवणला चाललो. तिकडून आलो की आमच्या मामा तलावात (मालगुजारांच्या काळातला जुना गावतलाव) पाण्याखालून थोडं शूट करायचं आहे, ढिवर लोकांच्या मच्छीमार संस्थेसाठी. मरळ, शिंगाड्याचे वेल, कमळाचे देठ, असं. तर लाल फिल्टर घेऊ की लाईट? दोन्हीचे पैसे नाहीत. धानाचे चुकारे झाल्याशिवाय इकडे कोणी उधारी देत नाही.

आर्वीचा जुना स्टुडिओ:

भाऊ, फिल्टर घ्यायच्या आधी अंतर मोजा. नुसती खोली नाही. समजा जोडपं सात मीटर खाली आहे आणि कॅमेरा त्यांच्यापासून दोन मीटरवर. उजेड सात मीटर खाली आला, टीशर्टावर पडला आणि परत दोन मीटर पाण्यातून लेन्सपर्यंत आला. म्हणजे वाट झाली नऊ मीटरची. अगदी शुद्ध पाणी धरलं तरी 650 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल दर मीटरला साधारण 29 टक्के खपतो. नऊ मीटरनंतर शंभरातले पाच उरले तर उरले. 450 चा निळा तेवढ्याच वाटेत नव्वदच्या वर शाबूत असतो. मालवणचं पाणी काही शुद्ध नाही, त्यात गाळ आहे, सूक्ष्म शेवाळ आहे, म्हणून तिथे निळ्यालाही मार बसतो आणि हिरवा वर येतो. चुडा हिरवागार दिसला तो त्याच्यामुळे.

समुद्राचा निळा रंग म्हणजे आभाळाचं प्रतिबिंब नाही, पाण्याचे रेणूच उजेड विखुरतात, हे रामन यांनी 1922 मध्ये मांडलं. हेच रामन त्याआधी काही काळ आपल्या नागपुरात सरकारी हिशेबखात्यात नोकरीला होते. इकडे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. असो.

आता हातातल्या क्लिपांचं. जो लाल कॅमेऱ्यात आलाच नाही तो कोणतंही सॉफ्टवेअर आणून देत नाही. तुम्ही पाचाचे शंभर करायला गेले, म्हणजे वीसपट ओढलं, तर लालमधला कचराही वीसपट झाला. ते गुलाबी दाणे म्हणजे तो कचरा. त्यात क्लिप 8 बिटची असेल तर प्रत्येक रंगाला पायऱ्याच 256. 10 बिटमध्ये 1024 असतात, म्हणून तिथे ओढाताण थोडी सहन होते.

दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरची फुकटची आवृत्ती घ्या, तेवढी पुरे. त्यात आरजीबी मिक्सर आहे, म्हणजे एका रंगाच्या खात्यात दुसरा मिसळायची सोय. लाल वाढवू नका, लालच्या खात्यात हिरव्यातून थोडं भरा. हिरव्यात दाणे नसतात, म्हणून चेहरा स्वच्छ राहतो. समोर परेड स्कोप (लाल, हिरवा, निळा शेजारी शेजारी दाखवणारा आलेख) उघडा ठेवा आणि दातांवर किंवा डोळ्यांच्या पांढऱ्यावर तिन्ही रंग जवळ आणा. मागचं पाणी वेगळं निवडून त्याला निळं-हिरवंच राहू द्या, पाणी दुरुस्त करायचं नसते. टीशर्ट विटकरी झाला तरी तिथे थांबा. लग्नाच्या व्हिडिओवर टाकता तो तयार लट (एका झटक्यात रंग बदलणारी फाईल) चुकूनही टाकू नका. आणि ज्या क्लिपेत जोडपं पाच-सहा मीटर लांब आहे ती काढूनच टाका, तिच्यात जीव नाही. पोरीच्या बापाला जवळचे दोन-तीन शॉट दाखवा, माणूस खूश होते.

निसर्ग_बुलडाणा:

एवढी मेहनत कशाला? मोबाईलवर एआयची ॲपं आहेत, एका बटणात रंग परत.

आर्वीचा जुना स्टुडिओ:

वापरून पाहिली. अंदाजानं रंग भरतात, लग्नाच्या रीलला चालून जाते. पण टीशर्ट लाल होता की मरून, हे ॲपला काय माहीत? सी-थ्रू नावाची पद्धत 2019 मध्ये अक्काइनाक आणि ट्रायबिट्झ या दोघींनी मांडली. त्यात प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते आधी काढावं लागते, कारण जवळच्या आणि लांबच्या वस्तूचा लाल सारखा मरत नाही. तुमच्या ॲपाला अंतर ठाऊक नाही. म्हणून जवळचा खडक बरोबर येते आणि मागचा नारिंगी होऊन जाते.

लाखांदूरवाला:

समजलं. मग जानेवारीत फिल्टर की लाईट ते सांगा न.

आर्वीचा जुना स्टुडिओ:

मालवणला आधी पाटी. पांढऱ्या प्लास्टिकची, वहीच्या पानाएवढी, दोरीनं मनगटाला बांधलेली. ऑलिम्पस टीजी-6 सारख्या कॅमेऱ्यात वन-टच व्हाइट बॅलन्स असते, म्हणजे पांढरं कोणतं ते कॅमेऱ्याला एका बटणात दाखवायची सोय. तळाला वाळू असेल तिथे गुडघे टेका (प्रवाळावर नाही), पाटी समोर धरून थोडी वर आभाळाकडे कलवा म्हणजे उतरणारा उजेड तिच्यावर पडेल, आपली सावली पडू देऊ नका, फ्रेम भरा आणि बटण दाबा. स्क्रीनवरची हिरवट पाटी डोळ्यांसमोर पांढरी होते. तीनेक मीटर वर किंवा खाली गेले की पुन्हा तेच करायचं. गोप्रोमध्ये ही सोय नाही, तिथे व्हाइट बॅलन्स नेटिव्हवर (कॅमेरा स्वतः रंग बदलत नाही ती सेटिंग) ठेवा आणि प्रत्येक खोलीवर पाटी दोन सेकंद शूट करून घ्या. घरी रंग लावताना तीच आधार. ऑटोवर ठेवलं तर माशाच्या मागे कॅमेरा फिरवला की मधातच रंग बदलते.

फिल्टर घेतलाच तर लाल नको, मॅजेन्टा (जांभळट गुलाबी) घ्या. लाल फिल्टर निळ्या पाण्याचा, म्हणजे अंदमानकडचा. मालवणच्या हिरव्या पाण्यात हिरवा छाटणारा मॅजेन्टा बरा. फिल्टर लाल तयार करत नाही, बाकीचे रंग कमी करते, म्हणून उजेडही खाते. पंधरा मीटरखाली आणि ढगाळ दिवशी तो काढून ठेवा. आणि फिल्टर लावून लाईट पेटवू नका, समोरचा माणूस लालभडक येते.

माझं विचाराल तर पैसा लाईटमध्ये घाला, कारण तो तलावातही कामी येईल. लाईटचा लालही पाण्यातूनच जातो, म्हणून त्याचा मारा मीटर-दीड मीटरपर्यंतच. हात लांब करून बाजूनं धरा. लेन्सच्या शेजारी धरला तर गाळाचे कण चमकतात आणि पाण्यात बर्फ पडल्यागत दिसते.

देवबागकर:

मालवणात काम करतो म्हणून एक सांगतो. पहिल्यांदाच स्कूबा करणार असाल तर कॅमेरा हातात घेऊ नका. कानाचा दाब सोडायला नाक धरावं लागतं, रेग्युलेटर (तोंडातली श्वासाची नळी) सांभाळावा लागतो, हात मोकळे हवेत. पाटीची गोष्ट आमच्या डायव्हरला वर बोटीवरच समजावून सांगा, तो करील. उतरायची वेळ दुपारी अकरा ते एकच्या मधली मागा, सूर्य डोक्यावर असला की उजेड सरळ आत जातो. आणि ज्याचं शूटिंग करायचं त्याला भगवा किंवा पोपटी फ्लोरोसंट टॉप घालायला सांगा. तो कपडा निळा-हिरवा उजेड खाऊन स्वतःचा रंग बाहेर टाकतो, म्हणून खालीही झगझगीत दिसतो.

लाखांदूरवाला:

धन्यवाद देवबागकर, कॅमेरा तुमच्याच माणसाकडे देतो. आर्वीकर भाऊ, तलावाचं राहिलं.

आर्वीचा जुना स्टुडिओ:

तलावाचा हिशेब उलटा आहे. पानं, गवत कुजून पाण्यात चहाच्या रंगाचा अंश उतरतो, तो निळा आधी खातो. वरून हिरवं शेवाळ. लाल तिथेही मरतोच, पण निळा त्याच्याही आधी. म्हणून समुद्राचा फिल्टर तिथे बिनकामाचा, आणि दिसतेही हातभरच. उपाय एकच, मधलं पाणी कमी करा. काचेची छोटी पेटी करून घ्या, मत्स्यालयवाला करून देईल. मोबाईल किंवा कॅमेरा आत कोरडा ठेवायचा, पेटी डोंग्याच्या कडेनं बुडवायची आणि काच थेट शिंगाड्याच्या वेलाला टेकवायची. पेटीनं मळकं पाणी बाजूला सारलं, लेन्स आणि वेलाच्या मधात बोटभर पाणी राहिलं, की रंग आपसूक येतात.

लाखांदूरवाला:

पेटी केवढी करू?

आर्वीचा जुना स्टुडिओ:

वीस सेंटीमीटर लांब, वीस रुंद, उंची तीस. मोठी करू नका. एवढीच पेटी वीस सेंटीमीटर बुडवली तरी पाणी तिला आठ किलोच्या जोरानं वर ढकलते. तळाशी दोन विटा ठेवा, वरून काळं कापड टाका, नाहीतर काचेत तुमचंच तोंड दिसेल. आणि संस्थेत विचारून घ्या जाळं कधी ओढणार. शूटिंग त्याच्या आदल्या दिवशी करा, एकदा जाळं ओढलं की गाळ बसायला वेळ लागते.