गावात कमान की नळाला पाणी? ग्रामसभेत नक्की काय बोलायचं?

ऐरोलीकर_मूळ_मुरबाड
नमस्कार मंडळी. राहायला ऐरोलीत, गाव मुरबाड तालुक्यात माळशेजच्या रस्त्याला. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, आमच्याकडचे दोघंतिघं इथे वाचतात आणि मग गावी गेलं की चहा कडू लागतो.

विषय असा की आमच्या ग्रामपंचायतीने आराखड्यात गावाच्या तोंडाशी कमान आणि मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंत काँक्रीट रस्ता घ्यायचं ठरवलंय. देवळापर्यंतचा तुकडा मागच्या वर्षीच झाला. आता आमच्या गावची खालची वाडी आहे पंचवीसेक घरांची, आमचं घर पण तिथेच, तिथे जलजीवनचे (घरोघरी नळाची सरकारी योजना) नळ बसून दोन वर्षं होत आली, प्रत्येक दारात सिमेंटचा बुटका खांब, त्याला निळा पाइप आणि तोटी, फोटो पण काढून नेले, पाणी मात्र आलं तेवढं पहिले काही महिने आणि मग बंद. आता तोटी फिरवली की फुस्स करते. मागच्या महिन्यात आतून गांधीलमाशी निघाली, खोटं नाही सांगत. वहिनी त्या खांबावर पोराचे शाळेचे बूट वाळत घालते, बाकी काही उपयोग नाही. पाणी अजून विहिरीवरूनच.

गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर लिहिलं की कमान कशाला, आधी पाणी द्या, तर "शहरात बसून शहाणपण शिकवू नका" म्हणून झाडलं. आता २ ऑक्टोबरची ग्रामसभा आहे, सुट्टी आहेच तर जायचं म्हणतोय. कमान रद्द करून तो पैसा पाण्याला वळवता येतो का? उभं राहून नक्की काय मागायचं? जाणकारांनी सांगा.

माजी_मेंबर_कळवा
दादा पहिला प्रश्न, तुमचं नाव मतदारयादीत कुठे आहे? ऐरोलीत असेल तर ग्रामसभेत तुम्ही पाहुणे. गावच्या मतदारयादीत नाव असलेलेच ग्रामसभेचे सभासद. गावचा माणूस म्हणून बसू देतील, बोलू पण देतील कदाचित, पण हात वर केलात की पहिला आवाज हाच येणार.

दुसरं म्हणजे पैसा. मी एक टर्म मेंबर होतो भिवंडीकडच्या एका पंचायतीत. लोकांना वाटतं पंचायतीकडे एक पेटी असते आणि सरपंच त्यातून काढून वाटतो. तसं नसतं, खिसे वेगळे असतात. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून येणारा पैसा आपल्याकडे १० टक्के झेडपीला, १० पंचायत समितीला आणि ८० ग्रामपंचायतीला असा वाटला गेला, त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे निम्मे पिण्याच्या पाण्याला आणि निम्मे स्वच्छतेला, दुसरीकडे लावताच येत नव्हते. उरलेले ४० अबंधित, ते गावाच्या गरजेप्रमाणे, फक्त पगाराला नाही चालायचे. कमान आणि रस्ता बहुतेक पंचवीस पंधराच्या (२५१५, राज्याच्या ग्रामविकास खात्याचा निधी) हेडमधून नाहीतर आमदार फंडातून येत असणार. तुमची कमान रद्द झाली तर तो पैसा तुमच्या वाडीत नाही येणार, शेजारच्या गावच्या कमानीला जाईल, हाहा.

म्हणून कमानीवर भांडू नका. त्यावर अर्धं गाव खूश असतं आणि तुम्ही उगाच गावद्रोही ठरता. विचारायचं एवढंच, की गेल्या तीन वर्षांत बंधितातले पाण्याचे पैसे कशावर पडले. जायच्या आधी ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर जिल्हा, तालुका, पंचायत आणि वर्ष टाकून आराखडा काढा, कामांची नावं आणि रकमा दिसतात. मेरी पंचायत अ‍ॅपवर पण. प्रिंट काढूनच न्या, मोबाईल दाखवला तर कोणी बघत नाही. आम्ही बंधितातून शाळेत पाणी शुद्ध करायचं मशीन घेतलं होतं आणि शाळेच्या नळाला पाणीच नव्हतं. सही माझी पण होती त्याच्यावर.

घणसोली_गावठाण
तुमच्याकडे ग्रामसभा तरी आहे राव. आमची ग्रामपंचायत महापालिकेत गेली १९९२ ला. सगळ्या गावासमोर उभं राहून एका माणसाला जाब विचारायची मजा गेली ती गेलीच. चालू द्या, वाचतोय.

निवृत्त_जेई_कोपरी
तीस एक वर्षं ग्रामीण कामांची अंदाजपत्रकं केली म्हणून लिहितो. आधी नळ का बंद पडला ते शोधा, नाहीतर सभेत "पाणी द्या" म्हणाल आणि ते "प्रस्ताव पाठवलाय" म्हणतील, संपलं.

जलजीवनची योजना माणशी दिवसाला ५५ लिटर धरून करतात. सुरुवातीला काही महिने पाणी आलं म्हणजे पाइप जोडलेला आहे, ही तुमच्यासाठी मोठीच गोष्ट, कारण कित्येक ठिकाणी तोटी लावलेली असते आणि मागे पाइपच मुख्य लाइनला भिडलेला नसतो. मग उरतं काय, तर विहीर आटते, किंवा पंपाचं लाइट बिल थकलं, किंवा व्हॉल्व्ह. बिल थकलं असतं तर वरच्या गावाचंही पाणी गेलं असतं. वरच्या आळीला पाणी येतंय का ते लिहा. येत असेल तर माझा संशय व्हॉल्व्हवर आहे. खालची वाडी म्हणताय, म्हणजे उतारावर. तिथे पाणी आपोआप पळतं आणि वरच्यांना कमी पडतं, म्हणून वरचे लोक खालचा व्हॉल्व्ह आधी अर्धा आवळायला लावतात, मग कोणीतरी पूर्णच आवळतो आणि विसरतो. हे मी इतक्या गावांत बघितलंय की आता हसू पण येत नाही.

रस्त्याचं पण एक. नवीन काँक्रीट जुन्या रस्त्यावर तसंच ओततात, दर वेळी चार-सहा इंच चढतं. दहा वर्षांत रस्ता वर आणि घरांचे उंबरे खाली, मग जूनमध्ये चुलीपर्यंत पाणी. अंदाजपत्रकात जुना थर खोदून काढायची बाब धरली आहे का ते बघा. नसेल तर काम सुरू व्हायच्या आधी बोला, एकदा एमबीत (कामाच्या मोजमाप वहीत) मोजमाप चढलं की कोणी ऐकत नाही.

ऐरोलीकर_मूळ_मुरबाड
मेंबरसाहेब, मतदारयादीचं बरोबर ओळखलंत, माझं नाव इथेच आहे. आईचं, काकीचं आणि वहिनीचं गावात.

काका तुमचा संशय खरा निघाला, पण पुढे गंमत ऐका. वरच्या आळीला एक दिवसाआड पाणी येतं. काल पाणी सोडणाऱ्या माणसाला फोन लावला, आमच्या शाळेतलाच आहे तो. आधी टाळाटाळ केली, मग म्हणाला दादा व्हॉल्व्ह बंद आहे हे मला पण माहितीये पण उघडू कुठून, व्हॉल्व्हचं चेंबर देवळासमोर होतं आणि मागच्या वर्षी रस्ता ओतला तेव्हा त्याच्यावरूनच काँक्रीट गेलं. उन्हाळ्यात वरच्यांसाठी बंद केलेला, परत उघडायच्या आत रस्ता झाला. म्हणजे आम्ही वर्षभर ज्याच्या नावाने बोटं मोडतोय ते झाकण आमच्याच पायाखाली आहे!! डोकंच गरगरलं.

निवृत्त_जेई_कोपरी
अजिबात नवल नाही. ओतणारा वेगळा, पाइप टाकणारा वेगळा, दोघांची कधी गाठ पडत नाही. जलजीवनच्या कामाचा नकाशा असायला हवा, त्यात व्हॉल्व्हची जागा दाखवतात, पंचायतीत मागा. नाही दिला तर माहिती अधिकारात टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, महाराष्ट्रात तसा नियम आहे, कमान, रस्ता, पाणी सगळं एकात कोंबलंत तर परत येईल.

आणि आता रस्त्याला विरोध करू नका! उलट नवीन तुकड्याच्या अंदाजपत्रकात जुन्या रस्त्यातलं चेंबर शोधून रस्त्याच्या पातळीपर्यंत वर उचलणं आणि नवीन लांबीतली सगळी चेंबरं तशीच उचलणं, अशी बाब घालायला सांगा. दोन-तीन फूट काँक्रीट कापायचं, विटांचं बांधकाम, वर झाकण. रस्त्याच्या खर्चात हे दिसणार पण नाही.

शहापूरची_लेक
लोकमान्य नगरला राहते, माहेर शहापूर. तानसा, भातसा, मोडकसागर सगळं आमच्या तालुक्यात, मुंबईला पाणी तिथून जातं आणि आमच्या पाड्यांवर मार्च उजाडला की टँकर. धरण उशाला कोरड घशाला, तुम्हाला काय सांगायचं.

ऐरोलीकर दादा, तुम्ही नका बोलू, आईला आणि काकीला बोलू दे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, बऱ्याच ठिकाणी नुसती कागदावर उरकतात, बायका गेल्याच तर भाऊसाहेबांची (म्हणजे ग्रामसेवक, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे) पंचाईत होते. तिथे ठरलेलं ग्रामसभेसमोर ठेवावंच लागतं. आमच्याकडे सतरा-अठरा जणी रिकामे हंडे घेऊनच गेल्या होत्या, भाषण कोणी केलं नाही, हंडे टेबलापुढे ठेवले आणि बसून राहिल्या.

एक नक्की करा. हजेरीच्या रजिस्टरवर आल्या आल्या सह्या घेतात आणि ठराव मागाहून लिहितात. आईला सांगा, आमचा ठराव प्रोसिडिंग बुकात (सभेच्या नोंदवहीत) लिहा, वाचून दाखवा, तोवर उठायचं नाही. आणि कोरम बघा. १५ टक्के किंवा १०० मतदार, यातलं कमी असेल ते लागतं. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग आठवड्याने दहा डोक्यांत सगळं मंजूर. वाडीतली माणसं भातात असतील तरी त्या दिवशी तासभर आणा.

माजी_मेंबर_कळवा
ताईंनी बरोबर नस पकडली. तहकूब सभेचा खेळ आम्ही पण खेळलोय.

ऐरोलीकर_मूळ_मुरबाड
अपडेट देतो, खूप जणांनी मेसेज करून विचारलं. महिला सभेला वाडीतल्या चौदा जणी गेल्या. ग्रामसभेला मी मागे भिंतीला टेकून उभा होतो, एक शब्द बोललो नाही, फार जड गेलं. काकी उठली आणि म्हणाली, कमान बांधा, दोन बांधा, पण बांधायच्या आधी देवळासमोरचं आमचं झाकण उघडून द्या. सभेत हशा पिकला, सरपंचांना पण हसू आवरेना. ठराव लिहिला गेला. आई चष्मा विसरली होती म्हणून भाऊसाहेबांनी दोनदा वाचून दाखवला.

काल पाणीवाल्याने आणि वाडीतल्या पोरांनी जुन्या फोटोवरून अंदाज काढून देवळासमोर खडूने चौकोन आखलाय. कटर मशीन मुरबाडहून यायचंय. त्या चौकोनावर सध्या कोणीतरी ट्रॅक्टर लावून ठेवलाय, मालक लग्नाला गेलाय म्हणे.